लाल किटली

आमच्या अनाथाश्रमात कपड्यांवर मुलांची नावं नसायची, चित्रं असायची. न वाचता येणाऱ्या पोरालाही आपला कपडा ओळखू यावा म्हणून जुन्या बाईंनी ही रीत पाडली होती. कॉलरवर कुणाच्या छत्री, कुणाच्या मासा. एक मूल गेलं की त्याचे कपडे चित्रासकट पुढच्या मुलाला मिळायचे. मी इथेच वाढले, आता इथलंच स्वयंपाकघर सांभाळते.

संस्थेच्या इतिहासाचं पुस्तक निघणार म्हणून अध्यक्षांनी जुन्या आठवणी मागवल्या. एका म्हातारीने कळवलं, "धाकटी बहीण तुमच्याकडे ठेवली होती. एकदाच भेटता आलं, तेव्हा तिच्या कॉलरवर लाल किटली होती." झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बहीण सापडली, आमची शिवणबाईच ती, असं अध्यक्षांनी परस्पर कळवूनही टाकलं. फोटोवाला बोलावला.

शिवणबाईही इथेच वाढलेली, लहानपणी तिच्या कॉलरवर लाल किटली होती हे खरंच. पण तिच्याआधी ती दुसऱ्या मुलीची होती; बहीण भेटायला आली होती ती तिला, आणि ती मुलगी तापाने गेली.

अध्यक्षांना सांगितलं तर म्हणतात, "आता कशाला मोडता घालता? दोघींचं भलंच होतंय ना?" असा संताप आला मला!

शिवणबाईला शिवणाच्या खोलीत गाठलं. केस नीट विंचरून बसली होती. जन्मात तिची चौकशी करत कुणी आलं नव्हतं. किटली आधी कुणाची होती ते मी तिला सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तिच्याच पलंगावर झोपायचे मी."

"मग गप्प का बसलीस?"

"एकदा तरी कुणाचं तरी असावंसं वाटलं गं."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. म्हातारी काठी टेकत आत आली. "तूच का गं आमची छकुली?"

मागोमाग अध्यक्ष आले, फोटोवाला सरसावला. शिवणबाई उठून उभी राहिली. आता ही 'हो' म्हणते की काय, माझा जीव टांगणीला लागला. आणि खरं सांगते, तिने 'हो' म्हणावं असंही मला वाटून गेलं.

"नाही ताई," ती म्हणाली. "छकुली पहिल्याच थंडीत तापाने गेली. तिचे कपडे मला मिळाले."

अध्यक्षांनी फोटोवाल्याला हाताने थांबवलं.

"त्यात निळा फ्रॉक होता?" म्हातारीने विचारलं.

"होता. केवढा ढगळ! चांगली मोठी होईपर्यंत घातला मी."

"मीच शिवला होता," म्हातारी म्हणाली. "वाढत्या अंगाचा."

मग काठी माझ्या हातात देऊन तिने दोन्ही हातांनी, माप घेतल्यासारखे, शिवणबाईचे खांदे चाचपले.