इस्त्रीखोलीची खिडकी

“अहो, हे कुठलं उचलून आणलंत?” बायकोने चित्र हातात न घेताच विचारलं.

फ्रेमवाल्याचा चेहरा पडला. समुद्रकाठच्या जुन्या हॉटेलांची, आजोबा-पणजोबांच्या काळातली रेखाटनं त्याच्याकडे फ्रेम करायला आली होती. एका नव्या हॉटेलच्या लॉबीत ती लागणार होती. त्यांत हिचं हॉटेल सापडलं तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. तिथे चादरींना इस्त्री करण्यात हिचा उभा जन्म गेला होता. आता ते हॉटेल पाडलेलं आणि ही अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. बिचारीला एकदा डोळे भरून बघू दे, म्हणून जिवापाड जपत त्याने चित्र घरी आणलं होतं.

“अगं, तुझंच हॉटेल! हा घुमट बघ, हे सज्जे, हा समुद्राकडे उतरणारा जिना.”

“छे! आमच्या हॉटेलला कुठला आलाय घुमट?”

“होता की.”

“मला सांगताय? जन्म गेला माझा तिथे.”

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कामाच्या बायकांना समोरून यायची मुभा नव्हती. मागच्या गल्लीतून आत, मागच्या गल्लीतून बाहेर. एकदा समुद्रावर फिरायला जाऊ, असं तो दरवर्षी म्हणायचा. ते राहूनच गेलं. त्याला फार वाईट वाटलं.

फ्रेमच्या पाठीला लावायचा पुठ्ठा त्याने मांडीवर घेतला आणि कानावरची पेन्सिल काढली.

“बरं बाई, तुझं हॉटेल कसं होतं ते तूच सांग.”

“आधी दार. ठेंगणं काढा, डोकं आपटायचं माझं. मग वाळत घालायच्या दोऱ्या. आणि ही इस्त्रीखोली. खिडकी काढा.”

त्याने काढली.

“एवढी मोठी? हॉटेल काय तुमच्या सासऱ्याचं होतं?”

तो हसला. खोडून लहान काढली.

“हं. त्यातून बोटभर समुद्र दिसायचा.” तिने खिडकीवर बोट ठेवलं. “हे आमचं हॉटेल.”

चित्र पोचवायच्या आधीच ती गेली.

फ्रेमवाल्याने तोच पुठ्ठा चित्राच्या पाठीला ठोकला, पेन्सिलीची बाजू भिंतीकडे करून. एरवी तो वरून खाकी कागद चिकटवायचा. या खेपेला चिकटवला नाही.

“झकास!” नव्या हॉटेलचा मॅनेजर लॉबीत टांगलेली फ्रेम न्याहाळत म्हणाला. मग त्याने कडेने मागे बोट फिरवून पाहिलं. “मागे कागद नाही लावलात?”

“राहू दे साहेब. मागे कोण बघायला जातंय?”

“तेही खरंच.”

फ्रेमवाला मोठ्या दाराकडे वळला, तसा पहारेकरी आडवा आला. “काका, कामवाल्यांनी मागून जायचं.”

तो मागून निघाला. वाटेत इस्त्रीखोली लागली. आत दोघी जणी चादरीची टोकं जुळवत होत्या. खिडकी लहानच होती.