न विचारता खुडलेले शेंडे

आमच्या आईचा, म्हणजे गोदावरीबाईंचा, राग उतू जाणाऱ्या दुधासारखा. उतू जाईपर्यंत तो कुणाला आवरत नाही आणि मग शेगडी तिची तिलाच पुसावी लागते.

१९६३ साली अकोल्यात तिने परसात शेवंती लावली ती नियाजच्या सेहऱ्यासाठी. नियाज कुंपणापलीकडच्या खुर्शीदबींचा मुलगा, माझा दूधभाऊ. मी, तारी, जन्मले तेव्हा आई तापाने बेशुद्ध होती आणि मी रडून रडून निळी पडले होते. विचारलं असतं तर आमच्या सोवळ्या घराने नाहीच म्हटलं असतं. खुर्शीदबींनी विचारलंच नाही. सरळ आत आल्या, मला उचललं आणि नियाजच्या वाटणीचं दूध पाजलं.

याची फेड कशी करावी हे आईला वीस वर्षं सुचत नव्हतं. नियाजचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि सुचलं. नवऱ्या मुलाच्या तोंडावर सोडायच्या माळा आपल्या हातच्या फुलांच्या! पण गुपचूप. मलाही शपथ घातली.

फुलं कमी पडू नयेत म्हणून तिने रोपं खेटून लावली आणि पंचमीला माहेरी मोर्शीला गेली. परत येऊन पाहते तो काय, एकाही रोपाला शेंडा नाही आणि निम्मी रोपं जागेवरच नाहीत.

"कोनं केलं हे?"

"म्या," कुंपणापलीकडून खुर्शीदबी हौसेनं म्हणाल्या. "लय दाटी झाली होती, गोदाबाई. मधली काढून माह्या कडेनं लावली. शेंडा खुडला का फांद्या फुटतेत."

"माह्या झाडाले हात लावाच्या आधी इचाराव तं!"

मग आईच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. खुर्शीदबींचं तोंड एवढंसं झालं. त्या आत गेल्या. आई त्या दिवशी जेवली नाही. आयुष्यात एकदा फेडायची वेळ आली, तीही गेली, असं तिला वाटलं. दोघींचा अबोला सुरू झाला.

रागारागात का होईना, आई पाणी घालत राहिली. आश्विनात बुटक्या रोपांना चहूकडून फांद्या फुटल्या. मार्गशीर्षात कुंपणाच्या दोन्ही बाजूंना फुलांनी पान दिसेना. मला तर हसूच येत होतं, पण आईपुढे हसायची काय बिशाद!

लग्नाच्या सकाळी आई परातीत सेहरा घेऊन कुंपणाशी गेली. खुर्शीदबी बघतच राहिल्या.

"नियाजसाठी होती ही फुलं? मले मालूम असतं तं हात नसता लावला, गोदाबाई. इचारून तरी खुडलं असतं."

आईचे डोळे भरून आले. परात त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "तारीले पाजलं तवा कोनाले इचारलं होतं? इचारत बसल्या असत्या तं ना माही पोर राहिली असती, ना ही फुलं."