तीन लिटरची सॅक

त्या सायकलच्या दुकानात एक नियम होता. पाठीवरची पाण्याची सॅक कोरडी विकायची नाही. आधी आतली पिशवी नळाखाली गळ्यापर्यंत भरायची, सॅक गिऱ्हाइकाच्या पाठीवर चढवायची आणि दुकानामागच्या दगडधोंड्यांच्या उतारावर सायकलवरून दोन फेऱ्या मारायला लावायच्या. मालकीणबाई एके काळी शर्यतीत उतरायच्या. गुडघा कामातून गेला तेव्हा दुकान टाकलं. "रिकामी सॅक काय, कुणालाही बसते," असं म्हणून त्या गिऱ्हाइकाला बाहेर पिटाळायच्या.

बारक्याला हा नियम माहीत नव्हता. माहीत असता तर तो काहीतरी खोकला-बिकला काढून घरीच बसला असता. दादासमोर पाणी प्यायची वेळ येऊ नये म्हणून गेले दहा दिवस तो नाना बहाणे करत होता.

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा. लिफ्टची दुरुस्ती हे त्याचं काम. आईवडील नाहीत, स्वतःचं लग्न केलं नाही, जे काही लाड करायचे ते या धाकट्याचे केले. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, आणि पाणी, चहा, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला पाऊण लिटर. त्याहून थेंबही जास्त नाही, कारण प्यालेलं बाहेर जायला वाटच नाही. घसा अगदीच सुकला तर बर्फाचा तुकडा जिभेखाली धरायचा. परक्याची किडनी मिळायची तर यादीत नाव लावून चार-पाच वर्षं थांबायचं. तेवढी वर्षं दादाकडे आहेत का, असं विचारलं की डॉक्टरबाई कागद चाळायला लागायच्या.

बारक्याची किडनी जुळत होती. बारक्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगरावरून असा सुटायचा की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. धट्टाकट्टा गडी. सगळ्या तपासण्या पार पडल्या. बायकोनं मोडता घातला असेल असं तुमच्या मनात येत असेल तर ते आधी काढून टाका. ती बिचारी म्हणाली होती, "तू ठरव, मी आहे." अडला तो बारक्याच. संमतीच्या शेवटच्या कागदावर सही करायला त्यानं पेन उचललं आणि हात चालेना. डोंगरावरून स्वतःला झोकून देणारा माणूस, टेबलावर निजून पोट उघडू द्यायच्या विचारानं हातपाय गाळून बसला. डॉक्टरांच्या खोलीत हमसून हमसून रडला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, देणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणायचा हक्क असतो, आणि कारण आम्ही कुणाला सांगत नाही. 'तपासणीत बसत नाही', एवढंच कळवतो.

बारक्या तेवढ्यावर गप्प राहिला असता तर निदान पुढचं टळलं असतं. पण त्याच संध्याकाळी दादा घरी आला तो स्वतःचं सगळं विसरून. "बसत नाही म्हणजे काय? तुला काही निघालंय का? खरं सांग." त्याचा चेहरा बघून बारक्याच्या तोंडून निघून गेलं, "मुतखडे निघाले."

झालं. दादानं ते खरं मानलं आणि हात धुऊन मागे लागला. मुतखड्यांवर जे सापडेल ते वाचलं, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला गाठून त्याच्या खड्यांची सगळी कहाणी ऐकून घेतली. रोज सकाळी फोन, "किती ग्लास झाले?" दुपारी फोन, "आता किती?" स्वतः पाऊण लिटरवर दिवस काढणारा माणूस भावाचे ग्लास मोजत होता. आणि बारक्या निर्लज्जासारखा "पाच झाले, सहा झाले" करत होता.

"डोंगरावर चार-चार तास एका बाटलीवर काढतोस, म्हणून झालं हे," दादानं निकाल दिला. "हँडल सोडून बाटलीला हात घालायला तुला जिवावर येतं. पाठीवर सॅक हवी, नळी तोंडाशी हवी. मी घेऊन देतो."

"घेईन रे नंतर."

"तुझं नंतर मला चांगलं ठाऊक आहे."

तर असे दोघं भाऊ त्या दुपारी दुकानात आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर सॅकांची रांग टांगलेली होती आणि दादा तिच्यासमोर असा उभा होता की जणू लिफ्टची तपासणीच चाललीय. प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. चेन दहादा उघडली, दहादा लावली. पिशवीचं झाकण फिरवून रबराची कडी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"ही कडी वर्षात कडक होणार. मग गळणार," त्यानं मालकीणबाईंना सांगितलं.

"कडी सुटी मिळते. वीस वर्षं विकतेय मी."

"मी पंचवीस वर्षं रबरच बदलतोय बाई."

मालकीणबाईंना माणूस आवडला. त्यांनी दोन सॅक खाली काढल्या. एक दोन लिटरची, सडसडीत, पाठीला घट्ट चिकटणारी. दुसरी तीन लिटरची, पाठीकडून जाळी असलेली, वारा खेळावा म्हणून. बारक्यानं दोन लिटरवालीकडे हात नेला. बाईंनीही मान डोलावली. अडीच-तीन तासांच्या फेरीला तेवढी पुरते, पाठीवर एक किलो कमी, वळणावर अंग हलकं राहतं.

"तीनची," दादा म्हणाला.

"दादा, फार होतं ते. उतारावर मागून ढकलतं."

"ढकलू दे. तुला खडे आहेत, हे बाईंना काय माहीत." मग बाईंकडे वळून म्हणाला, "मुतखडे आहेत हो याला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय."

डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी पिशवी नळाखाली धरली. पाणी पडायचा आवाज दुकानभर झाला. दादानं तेवढ्यापुरती मान दुसरीकडे केली, खिशातून रुमाल काढून ओठ टिपले. मग भरलेली सॅक त्यानं स्वतःच उचलली, बाईंना हातही लावू दिला नाही. डाव्या हाताला यंत्राच्या सुयांसाठी शस्त्रक्रिया झालेली, त्या हातानं वजन उचलायचं नाही, म्हणून उजव्या हातानं आणि गुडघ्याचा टेकू देऊन बारक्याच्या पाठीवर चढवली. समोर येऊन छातीचा पट्टा लावला, कमरेचा लावला, दोन बोटं आत घालून किती सैल आहे ते पाहिलं. शाळेत जाताना हाच माणूस बारक्याचं दप्तर पाठीवर चढवून द्यायचा. बारक्याला त्याच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस दिसले, कानामागची पिवळट कातडी दिसली, आणि जीव नकोसा झाला.

"आता ओढ. येतंय का बघू."

"घरी बघतो."

"घरी काय बघतो? इथेच बघायचं. टोक दातांत धर आणि चाव."

बारक्यानं नळी तोंडात धरली, चावली, ओढली. थंडगार पाणी आलं. दादा त्याच्या गळ्याकडे बघत होता. बारक्याचा घोट खाली उतरला तशी दादाच्याही गळ्याची गाठ वरखाली झाली, आणि हे त्याचं त्याला कळलंही नाही.

"येतंय ना? अजून एक घे. मोठा घे."

दुसरा घोट काही केल्या घशाखाली उतरेना. बारक्या तसाच फुगल्या गालांनी दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडला आणि सायकलवर बसण्याआधी तोंडातलं पाणी मातीत थुंकून टाकलं.

पहिली फेरी त्यानं कशी मारली ते त्याचं त्यालाच आठवलं नाही. पाठीवर तीन किलो पाणी डुचमळत होतं. दुसऱ्या फेरीत तो चढावर आला तेव्हा दादा आणि बाई मागच्या बाकावर बसले होते, आणि दादाचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"किडनी देणार होता मला. स्वतःहून म्हणाला हो, मी तोंडही उघडलं नव्हतं. त्या खड्यांनी घात केला. पण मी म्हणतो, मिळाली काय न मिळाली काय, द्यायला निघाला होता हे थोडं आहे का? यंत्रावर पडलेलो असतो ना, तेव्हा तेवढं आठवलं तरी वेळ जातो."

"नशीबवान आहात," बाई म्हणाल्या. सायकल टेकवून उभ्या असलेल्या बारक्याकडे त्यांनी अशा कौतुकानं पाहिलं की त्याला धरणी दुभंगावीशी वाटली. मग त्या आत गेल्या.

वाईट माणूस असता तर हे बोलणं ऐकून बारक्या सुखावला असता. पण तो वाईट नव्हता, नुसता भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला असलं कौतुक फार दिवस अंगावर घेता येत नाही. तो दादाशेजारी बसला. पाठीवर सॅक तशीच होती.

"दादा, मला खडे नाहीत."

"काय?"

"मुतखडे नाहीत मला. कधीच नव्हते."

दादाचा सगळा चेहरा सैल पडला. "हुश्श," त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "देवा रे. दहा रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. म्हटलं आमच्या घराण्यातच आहे की काय हे, याच्याही किडन्या जायच्या. कुणाचा तरी रिपोर्ट तुझ्या नावावर लागला असणार, दुसरं काय. असं करतात का कधी? माणसाचा जीव टांगणीला लावून..." तो मध्येच थांबला. त्याला पुढचं सुचलं होतं. बारक्याच्या डोळ्यांदेखत ते दादाच्या चेहऱ्यावर चढत गेलं. "म्हणजे मग अडचणच नाही. अरे, मग बसतंय की. मग होईल की, बारक्या." त्यानं खिशातून फोन काढला. डॉक्टरांचा नंबर सापडेना. "थांब, आत्ताच लावतो. आत्ता असतात त्या."

बारक्यानं फोनवर हात ठेवला.

"रिपोर्ट नाही चुकला. रिपोर्ट चांगलाच होता. मी नाही म्हणालो, दादा. सही करायला गेलो आणि भीती वाटली. त्यांनी तुला काही सांगितलं नाही, आणि तू विचारलंस म्हणून मी खड्यांचं खोटं सांगितलं."

दादानं फोन मांडीवर ठेवला. पडदा आपोआप काळा झाला.

"रागाव ना माझ्यावर," बारक्या रडत होता. "काहीतरी बोल."

"राग नाही रे." दादाचा आवाज इतका हळू की बारक्याला वाकावं लागलं. "भीती मलाही वाटते. दर खेपेला सुई टोचायला येतात तेव्हा वाटते. तू आधी सांगितलं असतंस तर मीच म्हणालो असतो, राहू दे. खरंच म्हणालो असतो. यादीत नाव आहे, बघू, असं म्हटलं असतं आणि चहा पाजून तुला घरी पाठवलं असतं."

"मग आता म्हण."

"आता नाही म्हणवत. आत्ता फोन काढला ना, त्या अर्ध्या मिनिटात कळलं मला, की मला जगायचंय. फार जगायचंय. मलाच माहीत नव्हतं." त्यानं रुमाल शोधला, सापडला नाही, बाहीनं डोळे पुसले. "तू हे मला दाखवायला नको होतंस."

मालकीणबाई दारात आल्या. दोघांचे चेहरे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्या जपून बोलल्या. हीच द्यायची ना, की दोन लिटरची पाहायची?

"त्याला विचारा," दादा म्हणाला. "पाठ त्याची आहे."

तो उठला. बारक्याही उठायला लागला, पण दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा बसवलं. हात ठेवला तो प्रेमानंच. खोटं कशाला सांगू, ते प्रेम काही एका दुपारात आटणारं नव्हतं, आणि म्हणूनच बारक्याला तो हात सोसवेना.

"उद्या मला दवाखान्यात सोडायला येऊ नकोस. टॅक्सीनं जाईन. थोडे दिवस येऊच नकोस. किती, ते मी कळवीन."

"आणि माझं मन तयार झालं तर? दादा, मी प्रयत्न करतोय. झालं तर?"

दादानं तोंड उताराकडे वळवलं.

"तर मला सांगू नकोस," तो म्हणाला. "डॉक्टरांना सांग. सही कर, तारीख घे, टेबलावर जाऊन पड, आणि मग त्यांना मला बोलावून घ्यायला सांग. त्याच्याआधी एक शब्द बोलू नकोस माझ्याशी. आणखी एकदा आशा लावून घ्यायची ताकद नाही माझ्यात."

मग बाईंना नमस्कार करून तो दुकानातून बाहेर पडला, आणि रस्त्यावर येऊन टॅक्सीसाठी हात वर करून उभा राहिला.