सेफिनाची सोपी परीक्षा

सिडनीजवळच्या माउंट ड्रुइटमधल्या आमच्या सेफिनाचं डोकं असं टणक, की लहानपणी ती गोलखांबाला धडकली तेव्हा टेंगूळ खांबाला आलं. रग्बी लीगच्या मोठ्या क्लबाने तिला घेतलं. हंगामाआधी डॉक्टर स्मरणशक्तीची चाचणी घेतात.

"मुद्दाम चुका कर गं," जुनी कप्तान लोसा म्हणाली. "डोक्याला मार बसला की पुन्हा हीच घेतात. गुण घसरले, की बसवलंच बाकावर."

सेफिना हसत हसत ढ ठरली. पहिल्याच सामन्यात तिचं डोकं आपटलं. गुण आधीइतकेच आले, म्हणून डॉक्टरांनी तिला परत मैदानात सोडलं. तिथे दुसरा मार बसला.

आता ती बूट बांधून माझ्या पायरीवर बसते.

"आजोबा, माझा पहिला सामना कधी?"

"शनिवारी, पोरी."

ती खूश होते, आणि जेवण झालं की पुन्हा विचारते.