निवडक मुळ्या

थोरलीच्या बुंध्याशी उकिडवी बसून वहिनीने खुरप्याने माती बाजूला सारली, चिखलात बोटं घालून एक मुळी चाचपली, तोडली आणि डब्यात टाकली. मग दुसरी. सरकत सरकत तिने झाडाला पूर्ण वळसा घातला. हात भराभर चालत होते, कारण जीव थाऱ्यावर नव्हता.

थोरली म्हणजे त्यांच्या रोपवाटिकेतलं संत्र्याचं सगळ्यात जुनं झाड. शेडनेटखाली ओळीने उभी असलेली कलमं तिच्याच फांद्यांवरून काढलेल्या डोळ्यांची, आणि तो एकेक डोळा वहिनीने स्वतःच्या हाताने बांधलेला. पण यंदा थोरलीचा शेंडा मलूल दिसू लागला. नवऱ्याने पाणी वाढवलं. पायाशी चिखल झाला तरी वरची पानं तहानलेलीच. शेवटी त्याने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. ती झाडांच्या रोगांची डॉक्टर. माणसांची का झाली नाही, म्हणून तिची आई अजून अधूनमधून रुसायची.

पडवीतल्या टेबलावर नणंदेने धारदार पातं, पांढरी बशी आणि आयोडीनची बाटली मांडली होती.

"हा रोग झाडाच्या आतल्या नळ्या बुजवतो," ती भावाला सांगत होती. "पानं अन्न तयार करतात, पण ते खाली उतरतच नाही. वर पानं तुंबलेली आणि खाली मुळं उपाशी. साठवलेलं असतं ते खाऊन मुळं दिवस काढतात. ते संपलं की मूळच मरायला लागतं. मग पाणी वर कोण चढवणार?"

"म्हणजे मी इतकं पाणी सोडलं ते..."

"ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात तांब्या ओतलास, दादा."

वहिनीने धुतलेल्या मुळ्यांचा डबा पुढे ठेवला आणि ती खांबाला टेकून उभी राहिली. लगेच खांब सोडून दाराशी गेली. तिथेही पाय टिकेना.

"कापलेल्या मुळीवर थेंब टाकायचा," नणंद म्हणाली. "काळीनिळी झाली तर आत स्टार्चचा साठा आहे. पिवळट राहिली तर नाही."

"आणि नसला तर?" वहिनीने विचारलं.

"तर थोरली काढावी लागेल. कलमंसुद्धा. डोळ्यातून रोग पुढे जातो, वहिनी."

पहिली मुळी काळी पडली. दुसरीही. बशीतल्या सगळ्याच मुळ्या शाई सांडल्यासारख्या दिसू लागल्या. नवऱ्याने हसत बहिणीच्या पाठीवर थाप मारली.

"चारी बाजूंच्या आहेत ना, वहिनी?"

"हो. फिरून फिरून काढल्या."

"मग बरंच म्हणायचं. पानं मी प्रयोगशाळेत नेते. तिकडचं कळेपर्यंत रोपं देऊ नकोस, दादा."

"तोवर गिऱ्हाईक थांबतंय होय? तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस ना?" असं म्हणत त्याने रोपं मागवलेल्या बागाईतदाराला फोन लावलासुद्धा. उद्या सकाळी गाडी पाठवा, रोपं ठणठणीत आहेत, असं त्याने छाती फुगवून सांगितलं. बहिणीने कपाळाला हात लावला.

वहिनीने चहा केला. एक घोट घेऊन नवरा म्हणाला, "आनंदाच्या भरात साखर विसरलीस."

ती कसनुशी हसली. तिला आनंद झालाच नव्हता. का झाला नाही, ते मोरीत नखांमधला चिखल काढताना तिच्या ध्यानात आलं. बोटांना मघाशी आणखीही मुळ्या लागल्या होत्या. बारीक, बुळबुळीत. बोटांनी त्या चाचपल्या आणि सोडून दिल्या, तिला न विचारताच. इतकी वर्षं त्या बोटांनी हेच केलं होतं. रोगट काडी टाकायची, भरलेली घ्यायची. तिच्या हाताचं कलम फुकट जात नाही असं लोक म्हणायचे, ते याचमुळे. आज निवडायचं नाही, हे त्या हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

खुरपं उचलून ती पुन्हा थोरलीकडे गेली. परत आली तेव्हा नणंद बॅग भरत होती.

"वन्सं, बाटलीत उरलंय का थोडं?"

आता तिने आणलेल्या बुळबुळीत मुळ्यांची साल चिमटीत धरताच निघून येत होती. नणंदेने त्या कापल्या आणि थेंब टाकले. सगळे वाट बघत राहिले. मुळ्या पिवळटच राहिल्या.

"औषध उतरलं असेल," नवरा म्हणाला. "केव्हाची उघडी आहे बाटली."

वहिनीने आतून एक बटाटा आणला, चिरला आणि उरलेला थेंब त्यावर टाकला. बटाटा क्षणात काळा झाला.

नवऱ्याने खिशातून फोन काढला.

"मी आत्ताच शब्द दिलाय त्यांना," तो म्हणाला. "आता काय सांगू?"

"सांगा, मुळ्या बायकोने काढल्या होत्या. चांगल्या तेवढ्याच काढल्या."

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत, वहिनी," नणंद म्हणाली.

"मुद्दाम केलं असतं तर बरं होतं, वन्सं. निदान मला माहीत तरी असतं."

तिला रडू येत होतं, पण बसवत नव्हतं. ती शेडनेटखाली गेली. मागे नवरा फोनवर अडखळत बोलत होता. ओळीच्या टोकाला वाकल्यावर तिचा हात आपोआप एका खुरटलेल्या रोपाकडे वळला. तिने तो मागे घेतला. मग ओळीतलं पहिलंच रोप, हिरवंगार, तजेलदार, मुळासकट उपटून बाजूला ठेवलं आणि त्याच्या शेजारच्याला हात घातला.