मोक सोमच्या टपरीवरचा तीन आकड्यांचा नांगर

मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, होडीचा. मित्रांनो, तेरंगानूच्या किनाऱ्यावर मोक सोम या म्हातारीच्या टपरीत नारळाच्या दुधातला भात आणि कुपा माशाची आमटी खायला तुम्ही कधी आलात, तर ताडपत्रीच्या कोपऱ्याला लटकलेला मी तुम्हाला दिसेन. बेसावध असलात तर डोक्यालाही लागेन. मला चार आकडे होते, आता तीन आहेत. चौथ्याची मला जराही खंत नाही, आणि का नाही तेच सांगायला बसलो आहे.

मशिदीची भिंत बांधून उरलेल्या सळया लोहाराने तापवून वाकवल्या, तो माझा जन्म. पाक सु देरामन या तांडेलाने, म्हणजे होडीच्या नाखव्याने, मला हातात तोलून पाहिलं.

"खडकात अडकला तर सुटेल ना रे?"

"सुटेल. आकडे सरळ होतील, घरी आणून ठोक, परत वाकतील. तुझ्या मेहुण्यासारखा ताठ नाहीये तो!"

तेच माझं आयुष्य झालं. अडकायचं, सरळ व्हायचं, घण खाऊन पुन्हा वाकायचं. पाक सु मला होडीतला सर्वांत शहाणा गडी म्हणायचा आणि मी फुशारून जायचो.

आमच्या गावात एक रीत आहे. मासळीची चांगली जागा तांडेल कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. विचारणाऱ्याला तर लाजच नाही असं समजतात. पाक सु उत्तरेला जाऊन आला की दक्षिणेची हवा कशी होती ते रंगवून सांगायचा. ऐकणाऱ्यांना खोटं आहे हे ठाऊक असायचं आणि कुणाला राग येत नसे.

एका दुपारी बेटाकडे निघालेलं छोटं प्रवासी विमान पोचलंच नाही. वैमानिक होता सुफियान, मोक सोमचा एकुलता एक मुलगा. जहाजं आली, विमानं घिरट्या घालून गेली. नेहमीच्या वाटेवरचा सगळा समुद्र धुंडाळला, पण एक तुकडा सापडला नाही. टीव्हीवर नकाशे आणि लाल वर्तुळं दिसू लागली. जाणकार थकले तेव्हा आमचं गाव कामाला लागलं. अयुब न्हावी तर दाढी अर्धी सोडून बोलायचा.

"विमान गेलंय सीमेपार. विकलं त्यानं. वैमानिकाला काय कठीण आहे?"

"अन् माणसं?"

"माणसं असतील कुठंतरी. सुफियानची तिकडं दुसरी बायको होती म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात!"

कुणी म्हणायचं, अदृश्य लोकांनी डोंगरातल्या आपल्या गावी नेलं. पण सीमेपारची गोष्ट जास्त चविष्ट होती, तीच चालली. प्रवाशांच्या नातेवाइकांनीही ती ऐकली, आणि त्यातली एक बाई टपरीसमोर उभी राहून ओरडली, "माझी मुलगी कुठं नेली तुझ्या पोरानं?"  हळूहळू टपरीची बाकं रिकामी पडली. मुलाच्या नावाने जेवण घालावं तर तो गेल्याचं कुणी सांगत नव्हतं. वाट पाहावी तर चोराची आई ठरत होती. दर शुक्रवारी ती एका ताटात भात वाढून झाकून ठेवायची.

पुढच्या वर्षी पाक सुला एक नवी जागा सापडली. जिथे कधी काही मिळत नसे तिथे तांबोशीच तांबोशी! पाक सुने मला खाली सोडलं आणि मी कशात तरी घट्ट रुतलो. खडक मला चांगले ठाऊक आहेत, हा खडक नव्हता. हे पातळ होतं, पोकळ होतं, आणि माझ्या धक्क्याने आतून घुमलं. वर ओढताना माझे तीन आकडे सरळ झाले, चौथा तुटून खालीच राहिला. एका आकड्याला शिंपल्यांनी माखलेला पट्टा गुंडाळून आला. मालाचा पट्टा असेल, समुद्रात काय कमी कचरा असतो, असं म्हणून पाक सुने तो माझ्यावरच गुंडाळला.

नव्या मासळीच्या पैशांवर त्याने नवा नांगर घेतला. मी वाळूत गंजत पडलो. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्याने मला मोक सोमला देऊन टाकलं. "मोक, ताडपत्री उडते ना तुझी? हा बांध." माझ्याबरोबरच्या पट्ट्यानेच तिने मला बांधलं. काही दिवसांनी वाऱ्याला कंटाळून अयुब आणि त्याची मंडळी पुन्हा तिच्याच आडोशाला बसू लागली, आणि विमान कुठे गेलं यावर माझ्याखाली बसून वाद घालू लागली. माझा जीव नुसता तडफडायचा. अरे, मान वर करा! पण नांगराचं ऐकतो कोण?

पावसाळी वाऱ्याने समुद्र बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. एका सकाळी वारा असा सुटला की पट्ट्याच्या टोकाचा गोळा माझ्यावर आपटत राहिला. मीही अंग चोरलं नाही. शिंपले फुटून गळले आणि आतून एक चपटी कडी चमकली. गाठ आवळायला आलेल्या मोक सोमने ती पाहिली. तिने अंगठ्याने कडीचं झाकण उचललं. खट्!

 मग म्हणाली, "माझ्या पोरानं मला एकदा विमानातून बेटावर नेलं होतं. असाच पट्टा स्वतः माझ्या पोटावर बांधला, अन् म्हणाला, आई, उतरायचं झालं की हे असं उचल."

 मोक सोम वळली. पाक सु कोपऱ्यात जेवत होता.

"देरामन, हा कुठं मिळाला?"

 तांडेलाला जागा विचारायची, तीही चारचौघांत! बाकांवर इतर होड्यांचे तांडेल बसले होते. पाक सुने घास खाली ठेवला.

"मोक... असा तिकडं, दक्षिणेला..."

"मासे कुठले ते मी विचारत नाहीये. माझं पोर कुठं आहे ते विचारतेय."

पाक सु उठला. त्याचे डोळे भरले होते. टपरीबाहेर जाऊन, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा तो ओरडला, "उत्तरेला! मशिदीचा घुमट डोंगराच्या खिंडीत दिसला पाहिजे, अन् बेटाचं टोक काळ्या खडकामागं! तिथंच आहे! तांबोशीची माझी जागा तीच!"

दुसऱ्या दिवशी गावातली एकही होडी वाळूवर नव्हती. पुढे सरकारी पाणबुड्यांची बोट, मागे आम्ही. पाक सुने नवा नांगर बाजूला सारला, माझे आकडे ठोकून पुन्हा वाकवले आणि मला उचललं. "याला वाट ठाऊक आहे." मी खाली गेलो आणि उरलेल्या तीन आकड्यांनी घट्ट धरून बसलो. माझ्या दोरावरून पाणबुडे उतरले. पहिला वर आला तेव्हा त्याच्या हातात माझा चौथा आकडा होता.

"खिडकीच्या चौकटीत रुतलेला होता," तो म्हणाला. "विमान इथंच आहे."

मित्रांनो, त्या क्षणी सगळ्या होड्यांचे भोंगे वाजले. लोक रडत होते आणि भोंगे वाजवत होते. माझ्यासारख्या गंजक्याचा ऊर एवढा कधीच भरून आला नव्हता.

पुढे तपासात कळलं की वादळ चुकवायला विमान वाट सोडून वळलं होतं आणि मग दोन्ही इंजिनं बंद पडली होती. सुफियान ते शेवटपर्यंत सावरत होता, पाण्यावर अलगद टेकवू पाहत होता. सीमा नव्हती, दुसरी बायको नव्हती. मोक सोमने मुलाच्या नावाने गावजेवण घातलं. भात शिजवायला सर्वांत आधी ती ओरडणारी बाई आली. दोघी एकाच पातेल्याशी बसल्या. अयुबने न सांगता सगळी भांडी घासली. त्या जागेवर आजही कुणी जाळं टाकत नाही, पाक सुही नाही.

जुन्या वस्तूंना टाकून देऊ नका, त्यांच्या अंगाला काय लागून आलं आहे ते एकदा नीट पाहा, एवढंच माझं मागणं आहे. माझा गंज मोक सोम दरवर्षी स्वतः खरवडते. आणि टपरीत कुणी "सगळेच म्हणतात" असं सुरू केलं, की ती आमटीचा डाव माझ्यावर वाजवते, ठण्! मग अयुबच आधी म्हणतो, "बरं बरं, मला नाही माहीत!" आणि मुकाट्याने भात खाऊ लागतो.