सातचा तास

कारभारीनं क्रेटमध्ये हात घालून ओंजळभर शेवंती वर उचलली, तशा बोटांच्या फटींतून पाकळ्या खाली गळल्या. त्यानं दुसरी ओंजळ काढली. तिचीही तीच गत. निम्म्या फुलांना देठच नव्हते, नुसती वरून ओरबाडलेली.

"निके, देठासकट तोडायचं, हे आता शिकवू का तुला?"

पावणेसात झाले होते, पण मातोरीच्या शिवारात धुकं अजून हललं नव्हतं. दोन सऱ्या पलीकडे त्याची बायको लंकाबाई वाकून फुलं खुडत होती. तिच्या पुढच्या सरीत, जिथं रोज निकिता असायची, तिथं डोक्याला स्कार्फ गुंडाळलेलं कुणीतरी उभं राहिलं. कारभारीनं नीट पाहिलं. तो दीपक होता.

"तू? तुझा तास हाय ना सातला?"

"निकीला पाठवलं."

"तिला? कशाला?"

"गणिताला," दीपक म्हणाला आणि आणखी एक फूल ओरबाडून क्रेटमध्ये टाकलं.

दीपक आणि निकिता ही त्याची जुळी पोरं. दोघंही यंदा दहावीला. दिवाळीनंतर शाळेतल्या गांगुर्डे सरांनी सकाळी सातचा गणिताचा जादा तास सुरू केला होता. यादीत अठरा मुलं होती आणि मुलगी एकही नव्हती. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. या दिवसांत पहाटे पाचपासून गावातल्या निम्म्या पोरी फुलांच्या सरीतच असायच्या. सहामाहीत निकिताला गणितात अडतीस पडले, तेव्हा पालकसभेत सर म्हणाले होते, "मुलींना गणित जरा जडच जातं. बाकी विषयांत चांगली आहे ती." कारभारीलाही ते पटलं होतं. पोरीचा हात फुलं खुडण्यात इतका चालायचा, की फुलबाजारात तो चारचौघांत सांगायचा, आमच्या निकीसारखा हात पंचक्रोशीत नाय.

"आन् तुझं काय?" त्यानं दीपकला विचारलं. "दहावीचं वरीस हाय तुझं."

दीपकनं क्रेटकडे बोट दाखवलं.

"तात्या, मी इथं जशी फुलं तोडतो ना, तसंच तिथं गणित करतो."

कारभारीनं क्रेटमधली ओरबाडलेली फुलं पुन्हा एकदा पाहिली.

"खरंच सांगतो. मी तासाहून आलो की ती माझी वही घेते. शाळेत जायच्या आधी चुलीपुढं बसून सगळं सोडवती आणि मग मलाच शिकवती. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं की मी तिचं सांगतो. सर म्हणतात, दीपक सुधारला." तो हसला, मग त्याचं हसू ओसरलं. "काल त्यांनी सगळ्या वर्गापुढं माझी पाठ थोपटली. मला लाज वाटली."

"मीच म्हणले तिला, जा," लंकाबाई सरीतूनच म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

उद्या दत्तजयंती होती. बाजारात आज शेवंतीला मागणी, आणि इथं दोन क्रेट वाया गेले होते. कारभारीनं स्कूटरला किक मारली. निकीला आणायचं, राहिलेल्या सऱ्या तिच्याकडून खुडून घ्यायच्या आणि आठच्या आत पंचवटीचा फुलबाजार गाठायचा. वाटेत त्यानं मनाशी वाक्यही जुळवून ठेवलं. 'सर, पोरीचं घरी काम हाय.' एवढंच. जास्त बोलायचं नाही.

शाळेत शिपाईसुद्धा आला नव्हता. दहावीच्या वर्गाच्या खिडकीतून उजेड येत होता. कारभारी दाराकडे निघाला, पण आतून आवाज ऐकू आला आणि तो खिडकीशीच थांबला.

"थांब रे, आधी माझं पूर्ण होऊ दे."

तो निकिताचा आवाज होता. घरी हा आवाज 'हो तात्या' आणि 'आणते' एवढंच बोलायचा. कुणाला थांबायला सांगताना कारभारीनं तो कधी ऐकला नव्हता.

फळ्यावर एक मोठं वर्तुळ होतं आणि त्याला बाहेरून टेकलेल्या दोन रेषा. निकिता फळ्यापुढे उभी होती. कानटोप्या घातलेली पोरं माना वर करून तिच्याकडे बघत होती आणि गांगुर्डे सर शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

"हे कुठून आलं?" एका पोरानं विचारलं.

"इथं बघ. हा कोन आपल्याला आधीच दिलेला आहे. आपण तो वापरायचा विसरलो, म्हणून अडलो."

ती पुन्हा फळ्याकडे वळली आणि खडू चालू लागला. कारभारी सातवीपर्यंत शिकलेला. त्याला फळ्यावरचं एक अक्षरही कळलं नाही. पण खडू एकदाही अडखळला नाही, हे कळलं. शेवटची ओळ लिहून तिनं हात झटकले तेव्हा मागच्या बाकावरून "आयला!" असा आवाज आला आणि सगळा वर्ग हसला. निकिताही हसली. कारभारीनं कानाला बांधलेला मफलर सोडला आणि खांद्यावर टाकला. आपण ताठ उभे राहिलोय, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

सरांचं लक्ष खिडकीकडे गेलं. ते बाहेर आले.

"कारभारी, काही काम होतं?"

वाटेत जुळवलेलं वाक्य ओठांवर होतं.

"नाय... तिचा डबा द्यायला आलतो."

सरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते, फुलांनी पिवळे झालेले. त्यांनी वर्गाचं दार मागं ओढून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. यादी केली तेव्हा मुलींना विचारलंच नाही. वाटलं, येणार नाहीत."

"इचारलं असतं तरी मी नायच म्हणलो असतो, सर."

आत निकितानं फळा पुसून पुढचं गणित लिहायला घेतलं.

"उद्या येईल ना?" सरांनी विचारलं.

"दोघंबी येतील."

शेतावर येऊन त्यानं दीपकला शाळेत पिटाळलं आणि स्वतः निकिताच्या सरीत शिरला. पाणी, फवारणी आणि बाजार एवढंच तो बघायचा. खुडणीला वाकून त्याला कितीतरी वर्षं झाली होती. अर्ध्या सरीतच कंबर धरली.

"अहो, देठासकट," लंकाबाई मान वर न करता म्हणाली.

त्या दिवशी बाजारात पोचायला त्याला नऊ वाजले. पुढचे तीन महिने रोज उशीरच होत गेला.

निकाल लागला तेव्हा निकिताला गणितात शहाण्णव होते, शाळेत सर्वांत जास्त. दीपकला त्रेसष्ट. दीपकनं शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत भेटेल त्याला पेढा दिला आणि प्रत्येकाला आधी बहिणीचे मार्क सांगितले, आपले कुणी विचारले तरच.

फुलबाजारातल्या शेठजींपर्यंतही बातमी पोचली होती.

"कारभारी, पोरगी अगदी पोरासारखी निघाली की!"

"पोरगं त्रेसष्टवालं हाय, शेठ," कारभारी क्रेट उतरवत म्हणाला. "ही तिच्यासारखीच निघाली."

शेठजी हसले आणि तोही हसला. मग कुणी विचारलं नसताना त्यानं सांगून टाकलं, की पोरगी नाशिकला सायन्सला जाणार आहे आणि पोरगा आयटीआयला.

दिवाळी झाली. शेवंती पुन्हा भरात आली. एका सकाळी कारभारी तीन क्रेट स्कूटरला बांधून निघणार, तोच बांधावरून शेजारची रंगूबाई येताना दिसली. सत्तरीची म्हातारी, आणि तिनं नातीचा, सृष्टीचा, हात घट्ट धरलेला. पोरीच्या शालीखाली दप्तर होतं.

"कारभारी, तुझी पोर जायची तो तास अजून भरतो का रं?"

"भरतो की."

"हिचा बाप नाय म्हणतोय. खुडणीला माणूस कमी पडतं म्हणं. म्या म्हणलं, म्या उभी ऱ्हाते हिच्या सरीत. त्यो पाणी धरायला गेला, तवर हिला घेऊन आले."

कारभारीनं घड्याळ पाहिलं. शाळा एका बाजूला, पंचवटी दुसऱ्या. त्यानं दोरी सोडली, तिन्ही क्रेट उतरवून बांधावर ठेवले आणि त्यांच्यावर ओलं पोतं टाकलं.

"त्यानं इचारलं तर काय सांगू?" रंगूबाई म्हणाली.

"माझं नाव सांगा. पोरीला सोडून येतो, मग मीच बोलतो त्याच्याशी."

सृष्टी मागे बसली. स्कूटर चढ चढून डांबरी रस्त्याला लागली, तरी तिनं दप्तर छातीशी तसंच आवळून धरलं होतं.

"काका, मला गणित येत नाही."

"म्हणून तर तास हाय," कारभारी म्हणाला आणि त्यानं स्कूटरचा वेग वाढवला.